कॅन्सरच्या रुग्णाच्या दातांचा खर्च विम्यातून कसा मिळवायचा

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं निदान झालं की पहिले काही दिवस घरात दोनच विषय असतात: ऑपरेशन कधी आणि ‘शेक’, म्हणजे रेडिएशन, किती. दातांकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग रेडिएशनची आखणी सुरू होते आणि डॉक्टर म्हणतात, “आधी दात दाखवून या.” घरचे लोक रुग्णाला गल्लीतल्या ओळखीच्या डेंटिस्टकडे नेतात. हलणाऱ्या तीन-चार दाढा काढल्या जातात आणि लेटरपॅडवर ‘एक्स्ट्रॅक्शन’ एवढाच शब्द लिहून पावती मिळते. दोन महिन्यांनी बिलांच्या गठ्ठ्यातून ती पावती विमा कंपनीकडे जाते आणि नेमकी तेवढीच रक्कम कापून येते. कारण लिहिलेलं असतं: दंतोपचार पॉलिसीत बसत नाहीत.

त्या दाढा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग होत्या, पण तसं एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं. म्हणून दाताला हात लागण्याआधी काय लिहून घ्यायचं, दात कुठे काढायचे, बिल कसं घ्यायचं आणि नकार आला तर कुठे जायचं, हे सगळं इथे क्रमाने देत आहोत. कुठेही खोटं कारण लिहून घ्यायची गरज नाही. खरं कारण योग्य माणसाच्या सहीने, योग्य तारखेला कागदावर आलं पाहिजे, एवढंच.

दात आणि शेक यांचा संबंध

टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेची हॉस्पिटलमधली खिडकी) किंवा कंपनीच्या डॉक्टरशी बोलताना हा संबंध चार वाक्यांत सांगता आला पाहिजे, म्हणून तो आधी समजून घ्या.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये साधारण ६० ते ६६ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) एवढं रेडिएशन ३० ते ३३ दिवसांत विभागून दिलं जातं, एका वेळच्या डोसला फ्रॅक्शन म्हणतात. या माऱ्यात जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या आटतात. खालच्या जबड्याला रक्तपुरवठा मुळातच कमी असतो, त्यामुळे तिथे धोका जास्त. पुढे कधी सडलेली दाढ काढावी लागली तर ती जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि हळूहळू मरतं. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. तो बळावला तर जबड्याचा तुकडा कापून पायातलं हाड बसवण्यापर्यंत वेळ येते. हा धोका काही महिन्यांत संपत नाही, अनेक वर्षांनीही तो असतो.

म्हणून ज्या दातांचा भरवसा नाही, ते शेक सुरू होण्याच्या किमान १० ते १४ दिवस आधी काढतात. तीन आठवडे मिळाले तर अधिक चांगलं. उलट बाजूने घड्याळही चालू असतं. ऑपरेशननंतरचं रेडिएशन साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा प्रयत्न असतो. दाताच्या कामासाठी कॅन्सरचा उपचार लांबवणं परवडत नाही, त्यामुळे दात पहिल्याच आठवड्यात दाखवायला हवेत.

नागपूर-विदर्भात याला आणखी एक पदर आहे. वर्षानुवर्षं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाल्लेल्या माणसाच्या गालाची आतली त्वचा सुपारीने आक्रसून कडक होते आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये तोंड उघडल्यावर तीन बोटं उभी मावतात. या रुग्णांमध्ये कधी एक बोटही कष्टाने जातं. अशा तोंडातली मागची दाढ खुर्चीवर बसवून, नुसतं इंजेक्शन देऊन काढता येत नाही, भूल द्यावी लागते आणि त्यासाठी दवाखान्यात भरती करावं लागतं. भरतीचं हे खरंखुरं वैद्यकीय कारण आहे. म्हणून केसपेपरवर तोंड किती मिलिमीटर उघडतं हा आकडा आठवणीने लिहून घ्या. ‘तोंड कमी उघडतं’ या शब्दांपेक्षा ‘१४ मिमी’ या आकड्याला क्लेममध्ये जास्त वजन असतं.

पॉलिसी कुठे उघडून वाचायची

कार्डावर किंवा एजंटने दिलेल्या रंगीत पत्रकावर यातलं काही सापडत नाही. कंपनीच्या वेबसाइटवरून आपल्या पॉलिसीचं पूर्ण ‘पॉलिसी वर्डिंग’ उतरवून घ्या. तीस-चाळीस पानं असतात, पण आपल्याला त्यातल्या पाचच जागा पाहायच्या आहेत.

पहिली जागा एक्सक्लूजनची. बहुतेक पॉलिसींमध्ये दंतोपचार वगळलेले असतात, पण त्या वाक्याला शेपूट असतं: ‘अपघातामुळे आवश्यक झाल्याशिवाय’ किंवा ‘भरती आवश्यक असल्याशिवाय’ किंवा ‘आजार वा इजेमुळे आवश्यक झाल्याशिवाय’. सगळा खेळ या शेपटावर आहे. फक्त अपघात लिहिला असेल तर वाट अवघड आहे. भरतीचा उल्लेख असेल तर वाट आहे. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून मिळते. तिच्यात भरतीच्या खर्चात ‘आजार किंवा इजेमुळे आवश्यक दंतोपचार’ स्पष्टपणे धरलेला आहे. ही पॉलिसी हातात असेल तर ते कलम अधोरेखित करून ठेवा. मात्र तिच्यात प्रत्येक क्लेमवर ५ टक्के रक्कम आपल्याला भरावी लागते.

दुसरी जागा भरतीपूर्व आणि भरतीनंतरच्या खर्चाची. साध्या पॉलिसीत भरतीआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस मिळतात, काहींत ६० आणि ९० किंवा त्याहून जास्त. अट एकच: खर्च त्याच आजारासाठी झालेला असावा आणि मुख्य भरतीचा क्लेम मंजूर झालेला असावा. गल्लीतल्या डेंटिस्टकडे झालेला खर्च क्लेममध्ये येण्याचा मुख्य दरवाजा हाच. हा खर्च मोठ्या हॉस्पिटलमध्येच झाला पाहिजे असं नसतं.

तिसरी जागा ‘हॉस्पिटल’ची व्याख्या. १० लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरात किमान १५ खाटा, लहान गावात किमान १०, चोवीस तास नर्स आणि स्वतःचं ऑपरेशन थिएटर. नागपूर पहिल्या गटात येतं. दोन खुर्च्यांचं डेंटल क्लिनिक या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे तिथल्या बिलाला स्वतंत्र भरतीचा किंवा डे-केअरचा (रात्रभर न राहता होणाऱ्या उपचाराचा) क्लेम म्हणून लावू नका. लगेच परत येईल.

चौथी जागा डॉक्टरची व्याख्या. इथे बरेच लोक अडकतात. पॉलिसीत ‘मेडिकल प्रॅक्टिशनर’ म्हणजे मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेला डॉक्टर असं लिहिलेलं असतं. डेंटिस्टची नोंदणी डेंटल कौन्सिलकडे असते. त्यामुळे फक्त डेंटिस्टच्या चिठ्ठीवर उभा असलेला खर्च तपासणीत डळमळतो. सल्ला कॅन्सरच्या डॉक्टरांचा आणि काम डेंटिस्टचं, असे दोन कागद लागतात.

पाचवी जागा म्हणजे एक्सक्लूजनच्या यादीतले ‘एक्सक्ल ०८’ आणि ‘एक्सक्ल १२’ हे दोन कोड. हे सगळ्या कंपन्यांत सारखे असतात. ०८ मध्ये रूप सुधारण्याच्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या शस्त्रक्रिया वगळल्या आहेत, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. जबडा काढल्यावर तो पुन्हा उभारण्याचा खर्च ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारला गेला तर याच ओळीवर बोट ठेवायचं. १२ हा व्यसनाचा कोड. तंबाखूचा इतिहास केसपेपरवर दिसला की काही वेळा तोंडाच्या कॅन्सरचा अख्खा क्लेमच या कोडाखाली अडवला जातो. त्याबद्दल खाली सांगितलं आहे.

दाताला हात लागण्याआधी घ्यायचं पत्र

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला त्याच आठवड्यात ओन्कोलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारा: “रेडिएशन लागण्याची शक्यता आहे का? असेल तर दात आत्ताच दाखवू का?” हो म्हणाले तर ओपीजी काढा. ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एका फिल्मवर दाखवणारा एक्स-रे. त्यावर नाव, वय आणि तारीख छापलेली आहे ना, हे सेंटरमधून बाहेर पडण्याआधी पाहा. ओपीजी आणि डेंटिस्टचं मत घेऊन पुन्हा ओन्कोलॉजिस्टकडे जा आणि हॉस्पिटलच्या लेटरहेडवर पत्र मागा. डॉक्टर ते इंग्रजीत लिहितील, पण मजकुराचा गाभा असा हवा:

“रुग्णाला डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आहे, बायोप्सीची तारीख अमुक. ऑपरेशन आणि त्यानंतर ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन रेडिएशन ठरलं आहे. ओपीजीप्रमाणे ३६, ३७ आणि ३८ क्रमांकाचे दात वाचण्यासारखे नाहीत आणि ते रेडिएशनच्या क्षेत्रात येतात. ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस टाळण्यासाठी हे दात रेडिएशनच्या किमान १४ दिवस आधी काढणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. हा उपचार कॅन्सरच्या उपचाराचा भाग आहे.”

खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख. ही तारीख दात काढण्याच्या तारखेच्या आधीची असलीच पाहिजे. क्लेम नाकारल्यावर मागाहून घेतलेलं पत्र तेच शब्द बोलत असलं तरी त्यावर शंका घेतली जाते, आणि मागची तारीख टाकून घेतलेलं पत्र तर आपला सगळा क्लेम धोक्यात घालतं. ते कुणी सुचवलं तरी करू नका.

पत्रातले दातांचे क्रमांक, डेंटिस्टच्या नोंदीतले क्रमांक आणि बिलावरचे क्रमांक तंतोतंत जुळले पाहिजेत. पत्रात तीन दात आणि बिलात पाच, असं झालं तर उरलेल्या दोघांमुळे पाचही अडकतात. काढताना आणखी एखादा दात खराब निघाला तर डेंटिस्टने तसं लिहून द्यावं आणि ओन्कोलॉजिस्टची त्यावर सही घ्यावी.

रोगाचा कोड हीसुद्धा अशीच बारीक पण महाग पडणारी गोष्ट आहे. बिलिंगच्या खिडकीवर दाताच्या कामासाठी सवयीने के०२ टाकला जातो, म्हणजे दात किडणे. तो कोड एकटा दिसला की तपासणारा माणूस पुढे वाचायच्या आत ‘डेंटल’ म्हणून बाजूला ठेवतो. मुख्य निदानाच्या रकान्यात कॅन्सरचा कोड यायला हवा: गालासाठी सी०६.०, खालच्या हिरडीसाठी सी०३.१, जिभेच्या कॅन्सरसाठी सी०२च्या गटातला. दाताचा कोड दुय्यम म्हणून खाली असू द्या, तो खराच आहे.

दात कुठे आणि कधी काढायचे

ऑपरेशन होणारच असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच भुलेखाली, त्याच ऑपरेशनमध्ये खराब दात काढून घेणं. सर्जनला आधीच विचारा. दात काढल्याची ओळ ऑपरेशन नोटमध्ये आणि डिस्चार्ज समरीत येते, वेगळं बिल राहत नाही, कॅशलेसमध्येच काम होतं आणि शेक सुरू होईपर्यंत जखमेला चांगले चार-सहा आठवडे मिळतात. मात्र कॅशलेसच्या पहिल्या अर्जातच, म्हणजे प्री-ऑथमध्ये, हे दात लिहिलेले असावेत. ठरवून होणाऱ्या भरतीची सूचना साधारण ४८ तास आधी द्यायची असते, त्या वेळी फॉर्म भरणाऱ्याच्या शेजारी उभं राहून ही ओळ पाहून घ्या. आमच्या मते शक्य असेल तिथे हाच मार्ग धरावा.

ऑपरेशन नसेल, फक्त रेडिएशन असेल, तर तारखांचं गणित करावं लागतं. समजा १ जुलैला शेक सुरू होणार आणि पॉलिसीत भरतीपूर्व ३० दिवस आहेत. म्हणजे १ जूनच्या आधीचा खर्च मिळणार नाही. जखम भरायला १४ दिवस हवेत, म्हणजे १७ जूननंतर दात काढता येणार नाहीत. ओपीजी, डेंटिस्टची तपासणी, दात काढणं, टाके, गोळ्या हे सगळं १ ते १७ जून या पट्ट्यात बसलं पाहिजे. हा पट्टा कागदावर आखून फ्रिजवर लावा. आणखी एक प्रश्न टीपीए डेस्कला विचारा: रेडिएशनचा पूर्ण कोर्स एकच डे-केअर क्लेम म्हणून जाणार की तुकड्या-तुकड्यांनी? भरतीपूर्व दिवस कुठून मोजायचे ते त्यावर ठरतं.

ऑपरेशन झालं, डिस्चार्ज मिळाला आणि मग रेडिएशनआधी दात काढायचे ठरले, तर तो खर्च ऑपरेशनच्या ‘नंतरच्या ६० दिवसांत’ बसतो आणि रेडिएशनच्या ‘आधीच्या ३० दिवसांत’ही बसू शकतो. कुठल्यातरी एकाच क्लेमला लावा. दोन्हीकडे लावलेलं बिल फसवणूक ठरू शकतं.

कॅन्सर हॉस्पिटलमध्येच डेंटल विभाग असेल तर तिथेच काम करून घ्या, कागद एका छपराखाली राहतात. नागपुरात दुसरा भरवशाचा पर्याय मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. तिथे सरकारी दर लागतात, तोंडाच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे आणि शेजारीच मेडिकल असल्यामुळे रक्त तपासणी, फिजिशियनची परवानगी अशा गोष्टींसाठी गावभर फिरावं लागत नाही. हिंगणा रोडच्या पट्ट्यात दोन खाजगी दंत महाविद्यालयं आहेत, वर्ध्याजवळ सावंगीलाही आहे. कुठेही गेलात तरी सकाळी लवकर पोहोचा आणि पहिल्याच खिडकीवर ‘रेडिएशनच्या आधीचा रुग्ण, अमुक तारखेच्या आत काम हवं’ असं सांगून पत्र दाखवा. नेहमीच्या रांगेत पुढची तारीख मिळाली तर आखलेला पट्टा हातचा जातो.

बिलाबद्दल थोडक्यात: अनुक्रमांक छापलेलं पक्कं बिल, त्यावर दातांचे क्रमांक, प्रत्येक कामाची वेगळी रक्कम, डेंटिस्टचा नोंदणी क्रमांक, ‘ओन्कोलॉजिस्टच्या अमुक तारखेच्या पत्रावरून’ ही ओळ आणि पैसे भरल्याची पावती. यूपीआयने भरले असतील तर त्याची प्रतही जोडा. औषधांच्या बिलामागे चिठ्ठी हवी, नुसतं मेडिकल स्टोअरचं बिल चालत नाही. मूळ कागद पाठवण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

शेक संपल्यावरचा खर्च

रेडिएशनने लाळग्रंथी सुकतात. लाळ नसली की दात मुळाशी, हिरडीच्या कडेने काळे पडून पोखरले जातात आणि वर्षभरात सगळे तुटू शकतात. ते टाळायला जबड्याच्या मापाचे साचे बनवून त्यात जास्त फ्लोराइडचं जेल भरून रोज ५ ते १० मिनिटं दातांवर ठेवायचं, आणि नंतर ३० मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. गुळण्यांसाठी एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ पुरतं. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको, जखमांवर आग होते.

साचे आणि जेल यांचा खर्च डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांत येत असेल तर लावता येतो, मात्र ओन्कोलॉजिस्टच्या चिठ्ठीवर ‘रेडिएशनचे दुष्परिणाम टाळण्यासाठी’ हे शब्द हवेत. आरोग्य संजीवनीत भरतीचे आणि त्याआधीचे कागद डिस्चार्जपासून ३० दिवसांत द्यायचे असतात. नंतरच्या खर्चाचे कागद तो उपचार पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत द्यायचे. बाकी पॉलिसींची मुदत आपापल्या वर्डिंगमध्ये पाहा.

मुदत उलटल्यावरचं फिलिंग, रूट कॅनाल, कॅप, कवळी हे साध्या पॉलिसीतून मिळत नाही, त्यासाठी भांडून वेळ घालवू नका. ओपीडीचं वेगळं कव्हर घेतलेलं असेल किंवा नोकरीच्या ग्रुप पॉलिसीत डेंटल ओपीडी असेल तर तिथून थोडी रक्कम मिळते. ग्रुप पॉलिसी असलेल्यांनी एचआरला लेखी विचारावं. क्रिटिकल इलनेस किंवा कॅन्सरची एकरकमी पॉलिसी असेल तर तिचे पैसे निदानावर मिळतात आणि ते कशावर खर्च केले हे कुणी विचारत नाही. इम्प्लांट आणि कवळीसाठी सगळ्यात मोकळा पैसा तोच.

वरचा जबडा काढलेल्या रुग्णाला ऑब्ट्युरेटर लागतो. टाळूतलं भोक बुजवणारी ती तबकडी नसेल तर पाणी नाकातून येतं आणि बोललेलं समजत नाही. बिलावर ‘डेंचर’ लिहिलं गेलं की ते नाकारलं जाण्याची शक्यता वाढते. प्रोस्थोडॉन्टिस्टला (कृत्रिम दात बसवणाऱ्या डेंटिस्टला) सांगा की ‘मॅक्सिलेक्टमीनंतरचा ऑब्ट्युरेटर’ असंच लिहा, कारण ते खरं आहे. सोबत एक्सक्ल ०८ मधली कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेची ओळ जोडा. ऑपरेशनच्याच वेळी बसवतात तो पहिला ऑब्ट्युरेटर हॉस्पिटलच्या बिलात घालून घ्या. नंतरच्या पक्क्या ऑब्ट्युरेटरसाठी प्रत्येक कंपनी वेगळं वागते.

ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस झालाच आणि मेलेलं हाड काढायला भरती व्हावं लागलं, तर डिस्चार्ज समरीत ‘जबड्याचा जंतुसंसर्ग’ किंवा ‘दात काढल्यानंतरची गुंतागुंत’ एवढंच लिहू देऊ नका. ‘कॅन्सरसाठी दिलेल्या रेडिएशनमुळे झालेला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस’ असं पूर्ण वाक्य हवं. जुन्या रेडिएशनचं समरी कार्ड, ज्यावर ग्रे आणि फ्रॅक्शन लिहिलेले असतात, तेव्हा फार कामी येतं. ते कार्ड आयुष्यभर जपायचं.

तोंडाचा कॅन्सर नसला तरी

स्तनाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरला असेल किंवा मायलोमा (अस्थिमज्जेतला कॅन्सर) असेल, तर झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं देतात. ती सुरू असताना दात काढला तर जबड्याचं हाड असंच उघडं पडू शकतं. म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आधी दात तपासून घ्यायचे आणि पत्र वरच्यासारखंच घ्यायचं, रेडिएशनच्या जागी औषधाचं नाव. किमो चालू असताना मात्र पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पाहून ओन्कोलॉजिस्टने लेखी हो म्हटल्याशिवाय कुठल्याही डेंटिस्टच्या खुर्चीवर बसू नका, दाढ कितीही ठणकत असली तरी.

विमा नसेल तर

निदान झाल्यावर नवी साधी पॉलिसी मिळणं जवळजवळ अशक्य असतं. घरातल्या कुणाच्या नोकरीत ग्रुप पॉलिसी असेल तर आई-बाबांचं नाव त्यात घालता येतं का ते पाहा, त्यात जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. केशरी-पिवळ्याच नव्हे, पांढऱ्या कार्डालाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) जा. कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन पॅकेजमध्ये मिळतं. दात काढण्यासाठी वेगळा कोड मिळतो का, हे त्यालाच यादी उघडून पाहायला सांगा आणि सर्जनला ऑपरेशनमध्येच दात काढण्याची विनंती करा. रेडिएशनआधीचे दात योजनेच्या मंजुरीसाठी ताटकळत ठेवू नका, दंत महाविद्यालयात काढून मोकळे व्हा. योजनेचा टोल-फ्री क्रमांक १५५३८८.

सीजीएचएस, ईसीएचएस, ईएसआयसी, रेल्वे आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) लोकांनी आधी आपल्या दवाखान्यातून रेफरल घ्यावं. रेफरलविना केलेलं दाताचं काम नंतर मंजूर करून घेणं फार जड जातं.

नकार आला तर

कॅशलेसमध्ये ‘डेंटल नॉट पेएबल’ अशी क्वेरी आली म्हणजे शेवटचा नकार नव्हे. ओन्कोलॉजिस्टचं पत्र, ओपीजी आणि पॉलिसीतलं कलम जोडून त्याच दिवशी उत्तर पाठवायला सांगा. तरीही अडलं तर पैसे भरून काम करून घ्या आणि रिइम्बर्समेंट मागा. शेकाची तारीख विम्यासाठी पुढे ढकलू नका.

लेखी नकार आल्यावर त्यात कलमाचा क्रमांक आहे का पाहा. २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाच्या) नियमांप्रमाणे नकार देताना, किंवा रक्कम कापतानाही, पॉलिसीतली नेमकी अट सांगावी लागते, आणि क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. ‘कमिटीची मंजुरी कोणत्या तारखेची?’ हा प्रश्न ईमेलने विचारा.

तंबाखूचं कारण दिलं असेल तर दोन गोष्टी तपासा. प्रपोजल फॉर्ममध्ये तंबाखूचा प्रश्न होता का आणि आपण काय भरलं होतं? आणि पॉलिसी सलग किती महिने चालू आहे? ६० महिने पूर्ण झाले असतील, दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आणलेला काळ धरून, तर सिद्ध झालेल्या फसवणुकीशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम अडवू शकत नाही. व्यसनाच्या एक्सक्लूजनवर उत्तर देताना ओन्कोलॉजिस्टकडून हे लिहून घ्या की उपचार कॅन्सरचा आहे, व्यसनमुक्तीचा नाही. कलम दोन प्रकारे वाचता येत असेल तर विमाधारकाच्या बाजूचा अर्थ घ्यायचा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वारंवार मान्य केलं आहे, ते पत्रात जरूर लिहा.

पहिली तक्रार कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडे ईमेलने, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नागपूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतं, पण अर्ज ऑनलाइन करता येतो आणि व्हिडिओवर सुनावणी होऊ शकते, त्यामुळे आजारी माणसाला घेऊन पुणे गाठायची गरज नाही. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. लोकपालांचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही तर रोजचे ५,००० रुपये तिला द्यावे लागतात. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत जाता येतं, पण तिथे प्रकरण चालू असताना लोकपालांकडे जाता येत नाही. म्हणून आधी लोकपाल.

सुनावणीची फाइल लावताना सगळ्यात वर एकच पान ठेवा, त्यावर फक्त तारखा: बायोप्सी, ओपीजी, ओन्कोलॉजिस्टचं पत्र, दात काढले, ऑपरेशन, पहिला शेक, शेवटचा शेक. त्याखाली ते पत्र, मग ओपीजीची फिल्म, मग पॉलिसीतली अधोरेखित पानं, मग बिलं आणि शेवटी नकाराचं पत्र. ऐकणाऱ्याकडे दहा-पंधरा मिनिटं असतात, आणि पत्राची तारीख दात काढण्याच्या आधीची आहे हे त्याला पहिल्याच पानावर दिसलं पाहिजे.